पंच्याण्णवच्या खाली

माझा मामा वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानातला छोटा काटा, टपाल कार्यालयातला पार्सलचा काटा, मालासकट अख्खा ट्रक तोलणारा भुईकाटा, सगळे. त्याच्या दुकानाच्या पाटीवर एक भारदस्त नाव आहे, पण ते कुणी वाचत नाही. सगळे त्याला 'काटेवाले' म्हणतात. मामीसुद्धा चिडली की "काटेवाले, जेवायला येताय की ताट झाकून ठेवू?" असं विचारते. माझी आई त्याची मोठी बहीण. ती त्याला ढोल्या म्हणते. तो आठ वर्षांचा असल्यापासून म्हणते, आणि त्याने तेव्हापासून त्या नावाला कधी बट्टा लागू दिला नाही.

एकशे चौदा किलो. हा आकडा तो लपवत नसे. काटा दुरुस्त झाला की आधी स्वतः त्यावर उभा राहायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "दाखवतोय ना एकशे चौदा? मग काटा शहाणा आहे." मग खरी तपासणी सुरू व्हायची. वीस-वीस किलोंची लोखंडी वजनं तो काट्याच्या चारी कोपऱ्यांवर एकेक करून ठेवायचा, कारण बिघडलेला काटा मध्यभागी खरं बोलतो आणि कोपऱ्यात खोटं. पितळेची छोटी वजनं काचेच्या पेटीत असत. त्यांना तो कधी उघड्या हाताने शिवत नसे. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, असं तो सांगायचा. लोक हसायचे. मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेले तेव्हा कळलं की तो अक्षरशः खरं सांगत होता.

तीन वर्षांपूर्वी आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास, तिचं रक्त एका यंत्रातून गाळून परत अंगात सोडतात. त्यासाठी हातात शस्त्रक्रिया करून एक जाड शीर तयार करावी लागते. आईची अशी एक शीर बंद पडली होती आणि दुसरी सुरू होती. मूत्रपिंड बदलणं हाच खरा उपाय होता. बाबा नाहीत. माझा रक्तगट जुळत नव्हता. मामाचा जुळला, पुढच्या सगळ्या तपासण्याही जुळल्या. मग रुग्णालयाच्या समितीने त्याला काट्यावर उभं केलं.

"पंच्याण्णवच्या खाली या, मग पुढचं बोलू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मी किडनी द्यायला आलोय हो. लग्नासाठी बघायला नाही आलात ना तुम्ही?"

डॉक्टरबाई हसल्या, पण ऐकल्या नाहीत. जाड माणसाला भूल देण्यात धोका, जखम भरण्यात धोका, आणि एक मूत्रपिंड काढून घेतलं की उरलेल्या एकावर आयुष्यभर जास्तीचा भार. "आम्ही एक रोगी बरा करायला दुसरा तयार करत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य मला तेव्हा जरा नाटकी वाटलं होतं.

दोन महिने मामाने स्वतःच प्रयत्न केले. जेवण निम्मं केलं, दुकानात चालत जाऊ लागला. तीन किलो उतरले आणि आकडा तिथेच अडकून बसला. "ताटासमोरून उठतो ना, तेव्हा कुणीतरी मागून सदरा धरून ओढतं," तो मला म्हणाला. तो सहसा अशी तक्रार करत नाही. शेवटी डॉक्टरबाईंनी भूक कमी करणारं औषध लिहून दिलं. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीत टोचून घ्यायचं. पेनासारखी सुई, तिला एक चाक, चाक फिरवलं की टक टक करत मात्रा ठरते. तीन महिन्यांची पेनं एकदमच आणून मामीने फ्रिजमध्ये ठेवली.

हे औषध काय करतं ते मी त्याला दुकानात बसून पावतीच्या पाठीवर चित्र काढून समजावलं.

"आपण जेवलो की आतडी रक्तात एक निरोप सोडतात. तो मेंदूला जाऊन सांगतो, बास झालं. जठराला सांगतो, आतलं सावकाश पुढे ढकल. पण हा निरोप दोन-तीन मिनिटांत विरून जातो. या औषधात त्याचीच नक्कल आहे, फक्त ती आठवडाभर टिकते. म्हणजे मेंदूला सारखं वाटत राहतं की पोट भरलंय. आणि जठर हळू चालतं, त्यामुळे थोडं खाल्लं तरी ते बराच वेळ आत राहतं."

"म्हणजे खोटं वजन ठेवून काट्याला फसवायचं."

"फसवायचं असं नाही..."

"माझ्या धंद्यात यासाठी खटला भरतात, बाई."

मात्रा अगदी कमीपासून सुरू करायची आणि चार-चार आठवड्यांनी एक पायरी चढायची, असं ठरलं होतं. जठराला हळू चालायची सवय व्हायला वेळ लागतो. एकदम मोठी मात्रा घेतली तर ते जवळपास थांबतंच, आणि मग आत गेलेलं खाली जात नाही, वर येतं.

पहिल्या दोन आठवड्यांत काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचा मला फोन आला. "अगं, बारा वाजले हे मला पोटावरून कळायचं. आज घड्याळात बघावं लागलं. अडीच वाजले होते." आवाजात आनंद होता आणि थोडी भीतीही, जणू घरातली कायमची वस्तू कुणी उचलून नेली होती.

मग मळमळ सुरू झाली. यंत्राच्या तेलाचा वास, ज्यात त्याने तीस वर्षं काढली, तो सहन होईना. ढेकर यायचे ते सडक्या अंड्याच्या वासाचे. पोट चार-चार दिवस साफ होत नसे. हे त्याने मामीला इतक्या तपशिलात सांगितलं की ती म्हणाली, "हे मला कशाला सांगताय? मी काय नळ दुरुस्त करते?" पण तीच डॉक्टरांनी दिलेला सूचनांचा कागद फ्रिजवर चिकटवून पहारा करायची. थोडं खायचं, अनेकदा खायचं. तळलेलं नाही. पहिला घास जड वाटला की थांबायचं, ताट संपवण्याचा हट्ट नाही. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. दिवसभर घोट-घोट पाणी. उलट्या थांबत नसतील तर फोन करायचा. वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

मामा हळूहळू शिकला. गरम अन्नाचा वास येतो, थंडाचा येत नाही, म्हणून तो उकडलेलं अंडं गार करून खायचा, दोन वेळांत अर्धं-अर्धं. कोरडा टोस्ट चालायचा, दही चालायचं, सूप कोमट असेल तर. टोचल्यानंतरचे दोन दिवस सर्वांत वाईट जात, म्हणून त्याने टोचण्याचा वार शुक्रवार केला, म्हणजे रविवारी दुकान बंद असताना मळमळायला मोकळा. पोटासाठी रोज अर्धा तास चालणं, भिजवलेले मनुके. तीन महिन्यांत तो एकशे अडीच किलोवर आला. पट्ट्याला नवी भोकं पाडून झाली, मग नवा पट्टा आला.

आई यंत्राला जोडलेल्या खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत राहायची. "आता तुला ढोल्या म्हणायला लाज वाटते रे. गालाची हाडं दिसायला लागली."

"एक किडनी गेली की अजून दीडशे ग्रॅम कमी होतील," तो म्हणायचा. त्याला मूत्रपिंडाचं वजन माहीत होतं.

त्या दिवसांत मला खरोखर वाटत होतं की हे होणार. मी ते कुणाजवळ बोलले नाही, पण शस्त्रक्रियेनंतर आईला कुठल्या खोलीत ठेवायचं, खिडकीला जाळी लावायची, हे सगळं मी मनात ठरवून टाकलं होतं.

आणि मग आईची दुसरी शीरही बंद पडली. मंगळवारी सुई घातली तर आत रक्तच नव्हतं. गळ्यातून नळी घालून काम चालू केलं. ती नळी फार दिवस ठेवता येत नाही, जंतू शिरतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता नवी शीर तयार करायला नीट जागा राहिलेली नाही, समितीची बैठक पाच आठवड्यांनी आहे, दाता तयार असेल तर हीच वेळ. मामा तिथेच उभा होता. साडेसात किलो उतरायचे होते. कागदावरच्या पायऱ्यांनी चाललं तर तीन, फार तर चार उतरले असते.

इथून पुढचं मला त्या वेळी माहीत नव्हतं. नंतर त्याने स्वतः सांगितलं, एकदाच, आणि त्याच्या सवयीप्रमाणे आकड्यांसकट.

दुकानाच्या भिंतीवर त्याने आलेखाचा कागद लावला होता. आडवे आठवडे, उभे किलो. त्यावर त्याने पट्टी ठेवून रेघ ओढली. त्याचं आयुष्य ज्या यंत्रांसोबत गेलं ती यंत्रं सरळ रेषेत चालतात. पाच किलो ठेवले तर पाच दाखवतात, दहा ठेवले तर दहा. तशी सवय व्हायला त्यांना चार आठवडे लागत नाहीत. या मात्रेने आठवड्याला पाऊण किलो उतरतो, तर दुप्पट मात्रेने दीड उतरेल, असं त्याने धरलं. त्या शुक्रवारी त्याने चाक दोनदा फिरवून दोनदा टोचून घेतलं. पुढच्या शुक्रवारी तीनदा. नव्याने आणलेली पेनं लवकर संपू लागली तेव्हा मामीला म्हणाला, दोन गळकी निघाली.

उलट्या दुकानात व्हायच्या, मागच्या मोरीत. घरी येताना तो तोंड धुऊन, केस विंचरून यायचा. रिकाम्या पोटी वजनं उचलून पाठ धरायची, म्हणून रोज दोन वेदनाशामक गोळ्या. मामी कागद वाचून दाखवायची, तो "हो, हो" म्हणायचा. मी एका शनिवारी विचारलं, "मामा, डोळे खोल गेलेत तुझे. पाणी पितोस ना?"

"पितो की."

मी पुढे विचारलं नाही. शिकलेली मी, चित्र काढून समजावणारी मी, पण पुढचा प्रश्न मला सुचला नाही. खरं तर सुचला होता, फक्त त्याचं उत्तर नको होतं.

शेवटच्या आठवड्यात तो सत्त्याण्णववर अडकला. सोमवारी सकाळी रुग्णालयात वजन करायचं होतं. शुक्रवारपासून त्याने पाणी जवळजवळ सोडलं. त्याच्या धंद्यात याहून सोपं गणित नाही: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. कितीतरी भुईकाटे त्याने पाण्याची टाकी ठेवून तपासले होते. दोन लिटर अंगातून गेले की दोन किलो गेले, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ते पाणी अंगात काय काम करत होतं, हे मात्र त्याच्या गणितात कुठे बसत नव्हतं. शनिवारी अर्धा पेला. रविवारी ओठ ओले केले तेवढंच.

सोमवारी काट्याने चौऱ्याण्णव पूर्णांक सहा दाखवले.

मामाने मला मिठी मारली. त्याच्या अंगाला वेगळाच आंबूस वास येत होता आणि हात थंड होते. "बघ," तो म्हणाला, "बघ, खाली गेला." परिचारिकेला शीर सापडेना, तिने चार ठिकाणी टोचून रक्त घेतलं. तो तिला म्हणाला, "घ्या हवं तेवढं, वजन झालंय आता." बाहेर येऊन त्याने आईला फोन लावला. आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. तो बराच वेळ नुसता "हो ताई, हो" म्हणत होता.

दुपारी दोन वाजता डॉक्टरबाईंचा फोन आला की त्याला ताबडतोब घेऊन या.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंचा कचरा. मूत्रपिंडं नीट गाळत असली की तो रक्तात थोडाच राहतो. मामाचा पहिल्या तपासणीत शून्य पूर्णांक नऊ होता. आता तीन पूर्णांक चार. उलट्यांनी आणि तहानेने रक्त आटलं होतं, मूत्रपिंडांपर्यंत पुरेसं पोचत नव्हतं, आणि त्यावर रोजच्या त्या दोन गोळ्या, ज्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. पाच दिवस त्याला सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी त्याचं वजन साडेअठ्ठ्याण्णव झालं. पलंगाजवळच्या तक्त्यावरचा तो आकडा तो कितीतरी वेळ वाचत होता.

औषध बंद झालं. डॉक्टरबाई त्याच्यावर ओरडल्या नाहीत, ते त्याला जास्त लागलं. "औषध वाईट नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मानवतही होतं. फक्त मला एक फोन करायचा होता."

"तुम्ही थांबा म्हणाला असतात."

"हो. म्हणाले असते."

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. क्रिएटिनिन एक पूर्णांक पाच. त्याच्या खाली आकडा आला नाही, पुढच्या महिन्यातही नाही. जगायला पुरेसं आहे, समितीने सांगितलं. द्यायला पुरेसं नाही. दोन असताना ही अवस्था, तर एकावर काय होईल, याची जबाबदारी कुणी घेणार नव्हतं. आईचं नाव प्रतीक्षायादीत वर सरकवता येतं का, असं मी विचारलं. यादी किती लांब आहे ते त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. आईच्या नावापर्यंत खाली जायला त्यांना बराच वेळ बटण दाबून धरावं लागलं.

तोपर्यंत आईला आम्ही एवढंच सांगितलं होतं की मामाला जंतुसंसर्ग झाला, तपासण्या पुढे गेल्या. आता सांगणं भाग होतं. मी सांगते म्हटलं तर मामा म्हणाला, "नाही. चूक मी केली, सांगणारही मी."

गुरुवार होता. आई खुर्चीत होती, एव्हाना दोनदा बदललेल्या गळ्यातल्या नळीतून रक्त यंत्रात जात होतं. शेजारच्या मेजावर तिचा मापाचा पेला होता, त्यात दोन बोटं पाणी. तिला दिवसाला सगळं मिळून अर्धा लिटर पिता येतं. मामा स्टुलावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं, शुक्रवारपासून सोमवारपर्यंत, पेल्यांच्या हिशोबासकट.

आई म्हणाली, "घरात नळाला पाणी होतं?"

"होतं, ताई."

"फ्रिजमध्ये?"

"होतं."

"मी तीन वर्षं बर्फाचा खडा चोखून दिवस काढते. शेजारीण भांडी घासते ना, तर त्या नळाचा आवाज ऐकत बसते मी, वेड्यासारखी. आणि तुला कुणी अडवलेलं नाही, तुझ्यासमोर भरलेला नळ, आणि तू..." तिला धाप लागली. यंत्र वाजायला लागलं, परिचारिका आली, बटण दाबून गेली.

"आकडा खाली यायला हवा होता, ताई. पाच आठवडेच होते."

"आकडा बसवणार होते का रे माझ्या पोटात?"

मामाने मान खाली घातली. त्याचा नवा पट्टाही आता सैल नव्हता. औषध थांबल्यावर महिनाभरात भूक परत आली होती, पहिल्यापेक्षा मोठी, आणि तो तिच्याशी भांडायचाही थांबला होता. कशासाठी भांडणार? मी तिथे उभी राहून यंत्राच्या पडद्यावरचे आकडे वाचत होते, कारण दुसरीकडे कुठे बघता येत नव्हतं. रक्ताचा वेग दोनशे ऐंशी. उरलेला वेळ एक तास चाळीस मिनिटं.

त्या एक तास चाळीस मिनिटांत मामा स्टुलावरून उठून गेला नाही. शेवटी परिचारिका नळी सोडवून पट्ट्या लावू लागली, तेव्हा आई डोळे न उघडताच म्हणाली, "तुझ्या किडन्यांचं काय? नीट राहतील ना त्या? डॉक्टरांना विचारलंस?"

डॉक्टरबाईंनी ते आम्हा दोघांना आधीच सांगितलं होतं. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. असं एकदा होऊन गेलेल्यांतल्या काहींच्या मूत्रपिंडांचं काम पुढे हळूहळू उतरत जातं, आणि त्याचं उतरणार नाही असं त्या म्हणू शकत नव्हत्या.

"विचारतो, ताई," मामा म्हणाला आणि तिच्या चपला खुर्चीखालून ओढून पुढे ठेवल्या.